वायर तुटल्यानंतर

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटात दरीत कोसळली. बसमधला एकच माणूस वाचला. झाडाझुडपांना धरत तो दरी चढून रस्त्यावर आला आणि त्यानं कळवलं, तेव्हा अपघाताची बातमी बाहेर पडली. तोही वर येऊ शकला नसता तर? भर पावसाळ्यात, धुक्यात, तुटलेल्या कठड्याकडे कुणाचं लक्ष कधी गेलं असतं, हे सांगणं अवघड आहे. आत बोलणारं कुणी उरलं नसलं तरी गाडीनं स्वतः हाक मारावी, ही कल्पना अशाच अपघातांतून जगभर पुढे आली. आज ती कायद्यात आहे, लाखो गाड्यांत बसवलेली आहे, आणि तिच्यावर सरकारं आणि कंपन्या भरपूर बोलतात.

ज्या भागाविषयी सहसा कुणी बोलत नाही, त्याच्याविषयी ही पुस्तिका आहे. बसमालक ज्याला सरसकट ‘जीपीएस’ म्हणतात आणि प्रवाशांना ज्याचं फक्त लाल ‘पॅनिक बटन’ दिसतं, त्या डबीच्या आत काडेपेटीएवढी किंवा त्याहून थोडी मोठी एक बॅटरी असते. यंत्राच्या एकूण किमतीत तिचा वाटा किरकोळ. गाडी नीट चालते तोवर तिचं काहीच काम दिसत नाही. ती बाद झाली तरी गाडी पहिल्यासारखीच धावते, नकाशावर ठिपका पहिल्यासारखाच सरकतो. त्यामुळे ती बाद झाली आहे हे कळायला अपघातच व्हावा लागतो, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

गाडीत एवढी मोठी बॅटरी असताना ही आणखी एक कशाला, हा प्रश्न गॅरेजमध्ये हमखास येतो. बॉनेट उघडलं की उत्तर मिळतं. बहुतेक मोटारींत १२ व्होल्टची बॅटरी पुढच्या भागात असते, म्हणजे समोरून धडक झाली की जो भाग चेपायचा त्यातच. बस आणि ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट करतात आणि त्या बाजूच्या कप्प्यात ठेवतात. गाडी त्या कुशीवर आडवी झाली की कप्पा खाली दबतो. काही महागड्या मोटारींत तर एअरबॅग फुटताच बॅटरीची जाड केबल छोट्या स्फोटकानं मुद्दाम तोडली जाते, कारण शॉर्टसर्किट होऊन आग लागू नये. विजेवरच्या गाड्यांत धडक कळली की मोठ्या बॅटरीचे संपर्क उघडतात, मग १२ व्होल्टच्या बॅटरीला मिळणारा पुरवठाही थांबतो. हे सगळं योग्यच आहे. पण परिणाम असा, की ज्या घटनेची खबर द्यायची तीच घटना खबर देणाऱ्याची वीज आधी तोडते. चोरीच्या बाबतीतही हेच. ट्रक पळवणारा किंवा टँकरमधून माल काढणारा सराईत माणूस पहिल्यांदा बॅटरीची वायर सोडतो. ‘वायर सोडली’ हा संदेशसुद्धा पाठवायचा असेल तर तो मुख्य बॅटरी पाठवू शकत नाही. तो बॅकअपवरच जातो.

युरोपनं हे कसं केलं ते आधी पाहू, कारण तिथे या बॅटरीचा विचार मिनिटांच्या हिशेबात झालेला आहे. ११२ हा सगळ्या युरोपसाठी एकच आपत्कालीन क्रमांक ठरला १९९१ मध्ये. गाडीनं आपोआप तो क्रमांक लावावा, ही ‘ई-कॉल’ योजना त्यानंतर बरीच वर्षं चर्चेत, चाचण्यांत आणि दूरसंचार कंपन्यांच्या वाटाघाटींत अडकली. शेवटी २०१५ चा नियम आला आणि ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या आणि हलक्या मालवाहू गाड्यांच्या नव्या मॉडेल्सना ई-कॉल सक्तीचा झाला. धडक झाली की यंत्र ११२ ला साधा आवाजी फोन लावतं आणि त्या आवाजाच्याच वाटेवरून १४० बाइटचा एक संदेश सोडतं: गाडी कुठे आहे, कोणत्या दिशेनं जात होती, चेसिस क्रमांक काय, इंधन कोणतं, किती सीटबेल्ट लावलेले होते, कॉल आपोआप गेला की कुणी बटन दाबलं. इंटरनेटचा भरवसा नको म्हणून आवाजाची वाट निवडली. आपत्कालीन कॉलला कोणत्याही कंपनीचं नेटवर्क चालतं आणि त्याला अग्रक्रमही मिळतो. रशियानं आपली ‘एरा-ग्लोनास’ ही व्यवस्था २०१५ मध्ये सुरू केली आणि २०१७ पासून नव्या गाड्यांना ती बंधनकारक केली. सैबेरियाच्या थंडीत बॅटरी बोलली पाहिजे, हा तिथल्या अभियंत्यांपुढचा प्रश्न होता. आपल्याकडचा प्रश्न नेमका उलटा आहे. त्याकडे पुढे येतो.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांतला १४४ क्रमांकाचा नियम अशा यंत्रांविषयी आहे. यंत्राला राखीव बॅटरी दिलेली असेल तर तिनं काय करून दाखवायचं, हे त्यात क्रमानं सांगितलं आहे: आधी किमान ५ मिनिटं बोलणं, मग ६० मिनिटं परतीच्या फोनची वाट पाहत जागं राहणं, आणि शेवटी पुन्हा ५ मिनिटं बोलणं. या क्रमामागे विचार आहे. पहिल्या पाच मिनिटांत मदतकेंद्रातला माणूस विचारतो, ‘कुणी जखमी आहे का? किती जण आहात?’ फोन तुटतो किंवा ठेवला जातो. रुग्णवाहिका निघते, तिला वळण सापडत नाही, म्हणून तासाभरात परत फोन येतो. तेव्हा तो उचलला गेला पाहिजे, आणि शेवटच्या पाच मिनिटांत आवाज पहिल्याइतकाच स्पष्ट हवा. बॅटरीची खरी परीक्षा या शेवटच्या तुकड्यात आहे. नुसती ‘सत्तर मिनिटं चालली पाहिजे’ असं लिहिलं असतं, तर तासभर वाट पाहून थकलेल्या बॅटरीची अखेरची पाच मिनिटं कुणी मोजली नसती.

भारतात वाट वेगळी होती. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर सार्वजनिक वाहनांतल्या स्त्रियांच्या सुरक्षिततेचा विचार सुरू झाला आणि पुढच्या वर्षी निर्भया निधी उभा राहिला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम घातला गेला: प्रवासी वाहनांत स्थान सांगणारं यंत्र आणि आपत्कालीन बटन हवं. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा वगळल्या. मुदती पुढे सरकत सरकत १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या वाहनांना तो लागू झाला. यंत्र कसं असावं हे ‘एआयएस-१४०’ या मानकात आहे, आणि ते छापणारी संस्था आपल्या पुण्याची, टेकडीला टेकून उभी असलेली एआरएआय. १९६६ मध्ये ती स्थापन झाली आणि देशातल्या गाड्यांच्या चाचण्या तिथे होतात. युरोपात यंत्र अपघाताची वाट पाहतं. आपल्याकडे मुळात ते बसवलं गेलं बटनासाठी आणि गाडीवर सतत नजर ठेवण्यासाठी. अपघात हा त्यात नंतर मिसळलेला हेतू आहे. एआयएस-१४० च्या बॅटरीकडून अपेक्षा म्हणून वेगळी: मुख्य पुरवठा तुटल्यावर दर मिनिटाला एक याप्रमाणे स्थान पाठवत चार तास तग धरायचा.

सत्तर मिनिटं आणि चार तास हे आकडे शेजारी ठेवले की आपलं मानक जास्त कडक वाटतं. पण कामाचं स्वरूप पाहिल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही. युरोपातली ई-कॉलची बॅटरी नाट्यगृहाच्या भिंतीवर टांगलेल्या वाळूच्या बादलीसारखी असते. दहा-दहा वर्षं कुणी हात लावत नाही, आणि लागलीच तर एकदाच लागते. नुसता ई-कॉल देणारं यंत्र एरवी मोबाइल नेटवर्कवर नोंदही करत नाही, कारण गाडीचा माग कुणी काढू नये हा तिथल्या कायद्याचा आग्रह आहे. आपल्या बसमधली बॅटरी मात्र रोजची कामगार आहे. ड्रायव्हर रात्री गाडी लावतो, मेन स्विच बंद करतो. त्या क्षणी डबी बॅकअपवर जाते आणि पहाटे स्विच चालू होईपर्यंत हळूहळू उतरते. मग दिवसभर चार्ज, रात्री पुन्हा उतरती. मानकात तिच्याकडे आणीबाणीची सोय म्हणून पाहिलं आहे. प्रत्यक्षात ती रोज रात्रपाळी करते, आणि वर्षाकाठी तीनशेहून जास्त वेळा भरते-रिकामी होते. प्रयोगशाळेत चार तास टिकलेला सेल आणि दोन पावसाळे, दोन उन्हाळे अशी रात्रपाळी केलेला सेल, यांचा ब्रँड एकच असला तरी ताकद एक नसते. माझ्या मते या सगळ्या विषयातली मुख्य अडचण हीच आहे: नियम नव्या बॅटरीला प्रश्न विचारतो, अपघात जुन्या बॅटरीला.

आता जुनी बॅटरी नेमकी कुठे हरते ते पाहू. पुस्तिकेतला सर्वांत मोठा भाग याच विषयाला दिला आहे, आणि प्रस्तावनेतही मी इथे जरा रेंगाळणार आहे.

‘साहेब, मीटरवर पूर्ण दाखवतंय की!’ हे वाक्य प्रत्येक फिटरनं कधी ना कधी उच्चारलेलं असतं. सेलच्या टोकांना मल्टीमीटर लावला, ३.९ व्होल्ट दिसले, सेल चांगला ठरला. पण मीटर सेलकडून जवळजवळ काहीच मागत नाही. डबीतला मोबाइल मोड्यूल मात्र भरपूर मागतो, आणि तेही झटक्यानं. टू-जी नेटवर्कवर फोन सलग बोलत नाही. दर ४.६ मिलिसेकंदांच्या फेरीत त्याला एक आठवा हिस्सा मिळतो, तेवढ्यात तो पूर्ण जोरानं बोलतो आणि गप्प होतो. सेकंदाला २१७ वेळा. जुन्या रेडिओजवळ मोबाइल ठेवला की येणारी ती ‘टर्र-टर्र’ म्हणजे याच झटक्यांचा आवाज. सरासरी प्रवाह किरकोळ असतो, पण झटक्याच्या क्षणी तो २ अँपियरपर्यंत जातो.

प्रत्येक सेलला आतला थोडा विरोध असतोच. नव्या लिथियम सेलचा, त्याच्या संरक्षक पट्टीसकट, तो ०.१५ ओहम धरला तर २ अँपियरच्या झटक्याला ०.३ व्होल्ट आतच खर्च होतात, ३.७ मधले ३.४ उरतात आणि मोड्यूलचं भागतं. वयाबरोबर हा विरोध वाढत जातो. तो अर्ध्या ओहमवर गेला की त्याच झटक्याला पूर्ण एक व्होल्ट जातो. २.७ उरले. टू-जीचे मोड्यूल साधारण ३.३ व्होल्टच्या खाली बंद पडतात. मग यंत्र रीसेट होतं, पुन्हा सुरू होतं, टॉवर शोधतं, पाठवायला जातं, पुन्हा पडतं. बाहेरून पाहणाऱ्याला दिवा लुकलुकताना दिसतो आणि वाटतं, चालू आहे. सेलमध्ये वीज असते, पण एकही संदेश जात नाही.

यात एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. फोन किती जोरानं बोलायचं हे टॉवर ठरवतो. टॉवर जवळ असला की हळू, लांब असला की पूर्ण ताकदीनं. शहरात, पिंपरीच्या चौकात उभ्या बसला बॅकअपवर सहज संदेश जाईल. त्या चाचणीवरून काहीच सिद्ध होत नाही. तीच बस कशेडीत किंवा ताम्हिणीत दरीच्या बाजूला पडली, तर यंत्राला शेवटच्या टोकाच्या जोरानं बोलावं लागेल, आणि नेमका तेव्हाच थकलेला सेल बसकण मारेल. फोर-जीचे झटके याहून सौम्य असतात. म्हणून नवी यंत्रं या बाबतीत थोडी सुसह्य आहेत. पण फोर-जीची रेंज नसेल तिथे अनेक यंत्रं टू-जीवर उतरतात, आणि घाटात तेच होण्याची शक्यता जास्त.

इलाज अवघड नाही. सेलशेजारी सुपरकपॅसिटर लावला तर झटका तो झेलतो आणि सेलवर सरासरीचाच भार येतो. मग फक्त सुपरकपॅसिटरच का नको, असं विद्यार्थी विचारतात. हिशेब करून पाहा. १० फॅरडचा, २.७ व्होल्टचा सुपरकपॅसिटर पूर्ण भरला तर त्यात सुमारे ३६ जूल मावतात. डबी सरासरी ६० मिलिअँपियर घेते असं धरलं तर चार तासांना तीन हजारांहून जास्त जूल लागतात. म्हणजे तो झटक्यापुरता, मुक्कामापुरता नाही.

दुसरा शत्रू उष्णता. लिथियम-आयन सेल ० ते ४५ अंशांत चार्ज करावा, असं जवळजवळ प्रत्येक उत्पादकाच्या माहितीपत्रकात असतं. आता चंद्रपूर किंवा अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या बसच्या डॅशबोर्डमागे हात घालून बघा. बाहेरच पारा पंचेचाळिशीच्या आसपास. काचेमागच्या बंद पोकळीत तो कितीतरी वर. तिथे डबी बसवलेली असते, कारण वायरिंग जवळ पडतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की रासायनिक झीज साधारण दुप्पट वेगानं होते, हा ढोबळ नियम इथेही लागू पडतो. त्यात सेल दिवसभर ४.२ व्होल्टला पूर्ण भरून ठेवलेला. उकाडा आणि पूर्ण चार्ज ही जोडी लिथियम सेलला फार लवकर म्हातारा करते. चार्जिंग ४.१ वर थांबवलं तर क्षमता थोडी कमी मिळते, आयुष्य मात्र चांगलंच वाढतं. डबी बनवणाऱ्यांपैकी ज्यांनी हे केलं आहे, त्यांनी ते जाहिरातीत लिहिलेलं दिसत नाही, कारण ‘जास्त एमएएच’ खपतं. थंडीचं दुखणं वेगळं: शून्याखाली चार्ज केला तर लिथियम धातूच्या रूपात आत साचतो आणि सेल कायमचा बिघडतो. महाराष्ट्रात याची फिकीर नको, पण इथल्या ट्रॅव्हल्स लेह-मनालीलाही जातात.

सेल फुगतो तो बहुधा याच उकाड्यानं. फुगलेली डबी गाडीतून ताबडतोब काढावी, सेल टोचू नये, दाबू नये, कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे तो पुनर्वापराच्या वाटेलाच जायला हवा.

रसायनांची चर्चा पुस्तिकेत सविस्तर आहे, इथे दोन शब्द. युरोपातल्या बऱ्याच गाड्यांत निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरले, कारण ते पेट घेत नाहीत आणि थंडीत बरे चालतात. मात्र ते स्वतःहून लवकर उतरतात. काहींनी चार्जच न होणारे लिथियम सेल घातले. ते वर्षानुवर्षं पडून राहिले तरी ताकद राखतात. त्यातल्या थायोनिल क्लोराइड जातीच्या सेलवर मात्र पडून पडून आत पातळ थर धरतो आणि अचानक मोठा भार आला की पहिल्या क्षणी व्होल्टेज घसरतं. आपल्या रोज उतरणाऱ्या-भरणाऱ्या कामाला हे दोन्ही बसत नाहीत. माझं मत लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बाजूचं आहे. हा सेल उकाडा सोसतो, दोन हजार फेऱ्या सहज काढतो आणि सहजासहजी भडकत नाही. त्याचं व्होल्टेज ३.२, म्हणजे मोड्यूलला अपुरं, त्यामुळे व्होल्टेज चढवणारं सर्किट जोडावं लागतं आणि डबी महाग होते. महाग म्हणजे किती? एका टायरच्या किमतीपुढे तो फरक किरकोळ आहे.

आता बाजाराकडे. बॅकअप गेला की नवा मूळ सेल मागवायचा, त्याला वेळ लागतो आणि गाडी तर उद्या पासिंगला न्यायची असते. मग मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला सेल येतो. मूळ सेलला तीन वायरी असतात. तिसरी वायर तापमान सांगणाऱ्या थर्मिस्टरची. दुकानातल्या सेलला दोनच. यंत्राला तिसरी सापडली नाही तर ते चार्जिंग नाकारतं, म्हणून तिथे एक साधा रेझिस्टर डकवून यंत्राची समजूत घातली जाते: तापमान कायम २५ अंश! दिवा लागतो, गाडी पास होते. मे महिन्यात डॅशबोर्डमागे सत्तर अंशांत तो सेल पूर्ण जोरानं चार्ज होत राहतो, आणि ज्या वायरीनं त्याला थांबवायचं तिला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. हे काम करणाऱ्या फिटरला मी दोष देणार नाही. त्याला कुणी ती तिसरी वायर कशासाठी आहे हे मराठीत सांगितलेलंच नसतं, आणि ही पुस्तिका लिहिण्याचं ते एक कारण आहे.

पासिंगच्या वेळी डबी सर्व्हरवर ‘दिसते’ का, एवढंच बहुतेक ठिकाणी पाहिलं जातं. मुख्य पुरवठा काढून ती किती वेळ बोलते, हे पाहायला कुणाला सवड नसते. युरोपनं २०२१ मध्ये ठराविक काळानं होणाऱ्या वाहन तपासणीच्या यादीत ई-कॉल घातला. शिवाय यंत्र स्वतःची तपासणी करतं, आणि राखीव बॅटरी म्हातारी झाली की डॅशबोर्डवर एसओएसचा इशारा लागतो. चालक वैतागतात, तक्रारी करतात, पण त्यांना निदान कळतं तरी. आपल्याकडे गंमत अशी की इशारा आधीच पाठवला जातो. एआयएस-१४० च्या प्रत्येक संदेशात मुख्य बॅटरीचं व्होल्टेज आणि आतल्या बॅटरीचं व्होल्टेज, दोन्ही आकडे असतात. ‘मुख्य बॅटरी तुटली’, ‘आतली बॅटरी उतरली’, ‘ती पुन्हा चार्ज झाली’, ‘डबी उघडली’ या प्रत्येकाला वेगळा इशारा आहे. एखाद्या बसचा मेन स्विच रात्री अकराला बंद झाला आणि पंधरा मिनिटांत ‘आतली बॅटरी उतरली’ असा इशारा आला, तर त्या सेलचं निदान कुणीही करू शकेल. त्यासाठी गाडी थांबवायचीसुद्धा गरज नाही. राज्यातल्या हजारो बसगाड्यांची ही माहिती रोज रात्री फुकटात जमा होऊ शकते. ती कुणीतरी पाहिली पाहिजे आणि मालकाला फोन गेला पाहिजे. नव्या यंत्रांची सक्ती करण्यापेक्षा हे स्वस्त आणि जास्त उपयोगाचं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

बॅटरी चांगली असली म्हणजे सगळं झालं, असं मात्र या पुस्तिकेत कुठेही म्हटलेलं नाही. रेंजच नसेल तर चार तास काय, चाळीस तास चालणारी बॅटरीही गप्पच राहील. अशा वेळी यंत्र स्थानाच्या नोंदी आत साठवतं आणि रेंज मिळाली की पाठवतं. पण दरीत पडलेली गाडी रेंजकडे चालत जात नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस पुरात गेल्या. नौदलाचे पाणबुडे आणि मोठी चुंबकं लावूनही शोध कित्येक दिवस चालला. पाण्याखालून मोबाइलच्या लहरी बाहेर येत नाहीत. तिथे उपयोग होतो तो बुडण्यापूर्वीच्या शेवटच्या स्थानाचा, आणि पाणी डबीत शिरेपर्यंतच्या काही क्षणांचा. नेटवर्कही बदलत आहे. युरोपात थ्री-जी अनेक ठिकाणी बंद झालं, टू-जी आवरायला लागलं आहे, आणि म्हणून २०२६ पासून नव्या मॉडेल्सना फोर-जी, फाइव्ह-जीवर चालणारा ई-कॉल लागतो. रस्त्यावर आधीच असलेल्या जुन्या गाड्यांचं काय, हा तिथला ताजा वाद आहे.

तरीही जखमी माणसाच्या दृष्टीनं पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आली: गंभीर इजेनंतरचा पहिला एक तास, ज्यात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. यंत्रानं सगळी वाचली नसती, हे उघड आहे. पण त्या एका तासात खबर पोचवणं एवढंच ज्याचं काम, त्या यंत्राला तो एक तास पुरेल एवढी वीज मिळालीच पाहिजे, ही मागणी फार मोठी नाही.

पुस्तिका तीन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिली आहे. गाड्यांचे मालक आणि डेपोतले पर्यवेक्षक यांनी निदान तपासणीची आणि बदलीची प्रकरणं वाचावीत. फिटर आणि ऑटो-इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी वायरिंगच्या आकृत्या आहेत. त्यात तिसऱ्या वायरीचं प्रकरण चुकवू नये. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी आकडेमोड स्वतः करून पाहावी. हिंजवडीत बसून युरोपातल्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही यातलं काही नवं वाटेल, विशेषतः उकाड्याचं.

वाचून होईपर्यंत थांबू नका. तुमच्या ताब्यात अशी गाडी असेल तर पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती शहराबाहेर, रेंज जेमतेम असेल अशा जागी उभी करा, डबीचा मुख्य पुरवठा काढा आणि संदेश किती वेळ जातात ते मोबाइलवर पाहत बसा. पुस्तिकेतल्या सूचना वाचून, १० ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर काही सेकंद सेलला लावून मीटर पाहता येईल. ४ व्होल्टचा सेल ०.२ व्होल्टपेक्षा जास्त खाली गेला तर तो बदला. नवा सेल तीन वायरींचाच घ्या. आणि बसवताना डबीवर मार्करनं महिना आणि वर्ष लिहा. दोन वर्षांनंतर तपासणाऱ्याला दुसरं काहीच माहीत नसतं.